श्रिंप टिकवायच्या असतील तर पाण्यात हात कमी घाला

श्रिंप, म्हणजे घरच्या काचेच्या टँकमध्ये पाळायच्या गोड्या पाण्यातल्या छोट्या कोळंब्या, फार नाजूक, आणल्या की आठ दिवसांत मरतात, असं जो तो सांगत असतो. तसं काही नाहीये. चेरी श्रिंप चांगली चिवट असते, तिला त्रास होतो तो आपल्या अति काळजीचा. रोज खायला टाका, दोन दिवसांआड अर्धं पाणी बदला, पीएच (पाणी किती आम्लधर्मी ते सांगणारा आकडा) जरा वर दिसला की बाटलीतलं काहीतरी ओता, मधेच दगड उचला, झाडं इकडची तिकडे करा, हे सगळं मासे एकवेळ सोसतात, श्रिंप नाही सोसत. पुढे मी बरेच आकडे देणार आहे, पण आकडा अगदी परफेक्ट असण्यापेक्षा तो जागेवरून हलू नये याला जास्त किंमत आहे, हे डोक्यात ठेवूनच वाचा.

पहिली श्रिंप कुठली घ्यायची

चेरीच घ्या. लाल, निळ्या, पिवळ्या, केशरी, चॉकलेटी अशा ज्या वेगवेगळ्या नावांनी मिळतात त्या बहुतेक सगळ्या एकाच जातीच्या, निओकॅरिडिना डेव्हिडी. जंगलातली मूळ श्रिंप मातकट तपकिरी असते, हे रंग माणसांनी पिढ्यानपिढ्या निवड करून पक्के केलेत. अडीच-तीन सेंटीमीटर होते, दीड-दोन वर्षं जगते, आणि पिल्लं त्याच टँकमध्ये आपोआप होतात, तुम्हाला काही वेगळं करावं लागत नाही.

दुसरा गट कॅरिडिना, म्हणजे ते लाल-पांढरे पट्टे असलेले क्रिस्टल रेड, काळे-पांढरे 'बी' (मधमाशी) श्रिंप वगैरे. क्रिस्टल रेड १९९० च्या दशकात जपानमध्ये हिसायासु सुझुकी यांनी काळ्या बी श्रिंपमध्ये निघालेल्या लाल पिल्लांपासून तयार केली. दिसायला भारीच, पण हिला मऊ, आम्लधर्मी पाणी लागतं आणि चूक चालत नाही. पहिल्या टँकला ही घ्यायचीच नाही. तिसरी अमानो, जरा मोठी, पाचेक सेंटीमीटरपर्यंत जाणारी, शेवाळ खाण्यात सगळ्यांची उस्ताद. जपानचे अॅक्वेरियम सजावटकार ताकाशी अमानो यांनी आपल्या झाडांच्या टँकमध्ये शेवाळासाठी वापरून ती प्रसिद्ध केली. अमानो टँकमध्ये अंडी धरते पण त्यातून निघणाऱ्या अळ्यांना खारं पाणी लागतं, त्यामुळे गोड्या पाण्यात पिल्लं होणार नाहीत, उगाच वाट बघत बसू नका.

घेताना एकदोन नाही, निदान दहा तरी घ्या. कमी असल्या की दिवसभर लपून बसतात, आणि नर-मादी दोन्ही मिळतील याचीही खात्री नसते. दुकानातल्या टँकसमोर पाच मिनिटं नुसतं उभं राहून बघा. चांगली श्रिंप सतत काहीतरी खुडत असते, पुढचे छोटे पाय थांबतच नाहीत. एका जागी बसून आहे, अंग दुधाळ पांढरं पडलंय, टँकच्या तळाशी मेलेल्या दिसतायत, तर त्या दिवशी रिकाम्या हाताने घरी या. आणि सगळ्यात मोठ्या बघून घेऊ नका, त्या म्हाताऱ्या असतात, अर्धवट वाढलेल्या घेतल्या की नवीन पाण्याला लवकर रुळतात.

टँक

लहान श्रिंप म्हणून लहान टँक, हा हिशोब उलटा पडतो. पाच लिटरच्या बरणीत एक जास्तीचा खाण्याचा तुकडा सडला तरी पाणी बिघडतं, चाळीस लिटरमध्ये तेच पचून जातं. वीस लिटरच्या खाली जाऊ नका, तीस-चाळीस असेल तर उत्तम.

फिल्टर स्पंजचाच. एअर पंपवर चालणारा साधा स्पंज फिल्टर स्वस्त असतो, पिल्लं त्यात ओढली जात नाहीत आणि त्या स्पंजवरच श्रिंप दिवसभर चरत बसतात. दुसरा कुठला फिल्टर आधीच असेल तर पाणी ओढणाऱ्या नळीच्या तोंडावर बारीक स्पंज चढवा, नाहीतर पिल्लं दिसेनाशी का होतायत हे कळणारच नाही. एअर पंप पाण्याच्या पातळीच्या वर ठेवा किंवा नळीला चेक व्हॉल्व्ह, म्हणजे पाणी उलटं येऊ न देणारी झडप, लावा, लाईट गेली की पाणी उलटं पंपात येतं.

खाली चेरीसाठी साधी बारीक खडी किंवा वाळू चालते, गडद रंगाची असेल तर श्रिंपचा रंगही खुलतो. सॉइल, म्हणजे ती पीएच खाली ओढणारी अॅक्टिव्ह सॉइल, ही कॅरिडिनावाल्यांची गरज आहे. ती घातलीत तर सुरुवातीचे काही आठवडे तिच्यातून अमोनिया सुटतो आणि वर्ष-दीड वर्षात तिची पीएच धरून ठेवायची ताकदही संपत जाते, चेरीसाठी एवढा खटाटोप कशाला.

झाडं मात्र भरपूर लावा आणि त्यात मॉस, म्हणजे ती बारीक पानांची झुपकेदार पाणवनस्पती, हवंच. जावा मॉस, ख्रिसमस मॉस, जे मिळेल ते, लाकडाला किंवा दगडाला दोऱ्याने बांधून टाका. पिल्लांचं घर, जेवणाचं ताट आणि लपायची जागा सगळं एकाच मॉसमध्ये होतं. जावा फर्न, अनुबियास, वर तरंगणारं काहीतरी, एवढ्यावर टँक छान चालतो, महागड्या लाईटची आणि सीओटूची (झाडांसाठी पाण्यात सोडतात तो कार्बन डायऑक्साइड वायू) गरज नाही. सीओटू चालू-बंद झाला की दिवसात पीएच वरखाली होत राहतो, आणि जास्त सुटला तर श्रिंप गुदमरतात, म्हणून नवख्याने त्याच्या नादी न लागलेलं बरं. देशी बदामाचं वाळलेलं तपकिरी पान धुवून टाकलं तर पाणी हलकं चहाच्या रंगाचं होतं, पानावर जी बुळबुळीत फिल्म धरते ती श्रिंप चाटूनपुसून खातात, शेवटी नुसत्या शिरा उरतात. पान कीटकनाशक न मारलेल्या झाडाखालचं हवं, एवढंच बघा.

सायकल, आणि त्यानंतरची वाट

इथेच बहुतेकांचा गेम होतो. टँक लावला, पाणी स्वच्छ दिसतंय, दुसऱ्या दिवशी श्रिंप आणल्या, आठवड्यात गेल्या. स्वच्छ दिसणाऱ्या पाण्यात अमोनिया भरपूर असू शकतो, डोळ्यांना तो दिसत नाही. खाणं, विष्ठा, सडलेली पानं यांतून अमोनिया होतो, एक प्रकारचे बॅक्टेरिया त्याचं नायट्राइट करतात, दुसरे त्याचं नायट्रेट करतात. पहिली दोन्ही विषारी, तिसरं त्यामानाने सौम्य. हे बॅक्टेरिया फिल्टरमध्ये आणि खडीवर बसायला साधारण चार ते सहा आठवडे जातात, त्यांना रोज थोडा अमोनिया मिळत राहिला पाहिजे, म्हणून रिकाम्या टँकमध्येही चिमूटभर माशांचं खाणं टाकत राहायचं. थेंब टाकून करायची लिक्विड टेस्ट किट घ्या, कागदी पट्ट्यांवर फार विसंबू नका. अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य, नायट्रेट २० पीपीएमच्या (दहा लाखात वीस भाग) आत, असं सलग काही दिवस दिसलं की सायकल, म्हणजे बॅक्टेरिया बसण्याचं हे चक्र, पूर्ण झाली.

झाली तरी लगेच आणू नका! अजून दोन-तीन आठवडे टँक तसाच चालू द्या. काचेवर हिरवट थर येऊ दे, लाकडावर पांढरट बुळबुळ येऊ दे, आणि ती बुळबुळ घाण वाटून अजिबात घासू नका. तीच बायोफिल्म. श्रिंपचं खरं अन्न ते, पिल्लांचं तर पहिले काही आठवडे फक्त तेच. चकाचक टँकमध्ये मोठ्या श्रिंप एकवेळ जगतील पण पिल्लं उपाशी मरतात. कुणाचा चालू टँक ओळखीत असेल तर त्याच्या फिल्टरचा जुना स्पंज तुमच्या टँकमध्ये पिळून घ्या, बॅक्टेरियाचं काम बरंच लवकर होतं.

पाण्याचे आकडे

चेरीसाठी तापमान २० ते २६ अंश, पीएच ६.५ ते ८, जीएच ६ ते १२, केएच २ ते ८, टीडीएस १५० ते ३०० च्या आसपास. कॅरिडिनासाठी पीएच ५.५ ते ६.५, जीएच ४ ते ६, केएच शून्य ते १, टीडीएस १०० ते १५० आणि तापमान २४ च्या आतच. ह्यात सगळ्यात जास्त लक्ष जीएचकडे द्या. जीएच म्हणजे पाण्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम, श्रिंपचं कवच त्यातूनच बनतं. केएच म्हणजे पाण्यातले कार्बोनेट, तो पीएचला धरून ठेवतो, तो फार कमी असला की पीएच अचानक घसरतो. टीडीएस मीटर घ्यायला हरकत नाही, पण तो फक्त एकूण किती विरघळलंय ते सांगतो, काय विरघळलंय ते सांगत नाही. २०० टीडीएसमध्ये सगळं मीठच असेल तर श्रिंपला त्याचा काही उपयोग नाही. म्हणून जीएच-केएचची किट आधी घ्या, मीटर नंतर.

नळाचं पाणी जीएच-केएचमध्ये बसत असेल तर तेच वापरा, उगाच आरओच्या मागे लागू नका. फक्त क्लोरीन काढायचा. साधा क्लोरीन पाणी उघडं ठेवून, एअर स्टोन लावून दिवसभरात उडून जातो, पण काही ठिकाणी क्लोरीनऐवजी क्लोरामाइन घालतात, तो असा उडत नाही, त्याला डिक्लोरिनेटरच हवा. आपल्या पाण्यात काय आहे ते माहीत नसेल तर सरळ डिक्लोरिनेटर वापरून मोकळे व्हा. बोअरचं पाणी फार जड असेल, किंवा कॅरिडिना ठेवायच्या असतील, तर आरओचं पाणी घ्या, पण तसंच कोरं नाही घालायचं. आरओमध्ये खनिजं जवळपास नसतात, त्यात श्रिंपसाठीचं मिनरल पावडर बादलीतच विरघळवून हवा तेवढा जीएच करायचा आणि मग टँकमध्ये. चेरीसाठी जीएच-केएच दोन्ही वाढवणारी पावडर, कॅरिडिनासाठी फक्त जीएच वाढवणारी.

पाणी आठवड्याला दहा टक्के बदला, जास्तीत जास्त पंधरा. नवीन पाण्याचं तापमान आणि टीडीएस टँकच्या जवळपास असू द्या, आणि ओतू नका, बारीक नळीने सावकाश सोडा. आता एक गोष्ट जी बरेच जण विसरतात. पाणी वाफ होऊन कमी होतं तेव्हा खनिजं उडत नाहीत, मागेच राहतात, त्यामुळे पातळी खाली गेली की टीडीएस वर चढतो, आणि आपण दर वेळी वरून नळाचं पाणी भरत राहिलो की तो हळूहळू चढतच जातो. वाफेने कमी झालेलं भरायला साधं आरओचं किंवा डिस्टिल्ड पाणी घाला, मिनरल न घालता. बदलायचं पाणी वेगळं, भरायचं पाणी वेगळं.

उन्हाळा

थंडीपेक्षा उकाडा जास्त मारतो. पाणी तापलं की त्यात ऑक्सिजन कमी मावतो, २० अंशाला लिटरमागे साधारण ९ मिलिग्रॅम मावतो तो ३० अंशाला साडेसातवर येतो, आणि त्याच वेळी श्रिंपला ऑक्सिजन जास्त लागत असतो. चेरी काही काळ २८-२९ सोसते, पण मग आयुष्य कमी होतं आणि पिल्लंही कमी होतात, तिशीच्या वर तर धोकाच. पाण्याच्या पृष्ठभागावर छोटा पंखा तिरका लावला की वाफ होऊन दोन ते चार अंश उतरतात, हा सगळ्यात स्वस्त उपाय. झाकण काढावं लागतं, मग जाळी टाका, श्रिंप बाहेर उडी मारू शकतात. लाईटचे तास कमी करा, खाणं कमी करा, एअर पंप रात्रंदिवस चालू. बर्फाचे खडे थेट टँकमध्ये टाकायचा उद्योग करू नका, तापमान झटकन पडतं आणि तासाभरात परत वर येतं, तो झटका उकाड्यापेक्षा वाईट.

घरी आणल्यावर

पिशवी पंधरा मिनिटं तरंगवायची आणि ओतायची, ही माशांची पद्धत इथे बाद. श्रिंप पिशवीतल्या पाण्यासकट स्वच्छ डब्यात काढा, डबा टँकच्या खाली ठेवा, आणि एअर पंपच्या नळीने टँकमधलं पाणी थेंब थेंब डब्यात सोडा, हॉस्पिटलमधल्या सलाईनसारखं. नळीला छोटा कॉक लावा किंवा सैल गाठ मारा, सेकंदाला दोन थेंब पडतील असं बसवा. डब्यातलं पाणी मूळच्या तिप्पट होईपर्यंत चालू द्या, दीड-दोन तास जातात, जाऊ देत. डब्यात मॉसचा तुकडा टाका म्हणजे त्यांना काहीतरी पकडायला मिळतं. मग जाळीने उचलून टँकमध्ये सोडा, डब्यातलं पाणी फेकून द्या. लाईट त्या दिवशी बंदच.

पहिले दोन-तीन दिवस त्या दिसणारच नाहीत, रंगही फिका पडलेला असतो. दगड उचलून शोधू नका हो, आहेत त्या तिथेच! एखाददुसरी पहिल्या आठवड्यात जातेच, प्रवास, पाणी बदल, त्यानंतरची पहिली कात, एवढं सगळं एकदम येतं म्हणून. खाणं दुसऱ्या दिवसापर्यंत नाही टाकलं तरी चालतं.

खायला काय आणि किती

जेवढं वाटतं त्याच्या निम्मं, आणि मग त्याच्याही निम्मं. वीस श्रिंपना शेंगदाण्याच्या पाव दाण्याएवढा तुकडा आठवड्यातून तीन-चार वेळा पुरतो, बाकी त्या शेवाळ, पानं, बायोफिल्मवर चरतात. श्रिंपचं बुडणारं खाणं, शेवाळाचे वेफर, उकळत्या पाण्यातून काढलेलं पालकाचं पान, काकडीची चकती, हे आलटून पालटून द्या. भाजी नीट धुवून, आणि कीटकनाशकाची शंका असेल तर नकोच. दोन-तीन तासांत संपलं नाही तर काढून टाका, यासाठी काचेची छोटी ताटली मिळते, खाणं त्यातच टाकायचं म्हणजे खडीत पसरत नाही आणि उरलेलं दिसतं.

खाणं टाकल्यावर पाच मिनिटं बसून बघा, टँकची तब्येत त्यातच कळते. निरोगी टँकमध्ये तुकडा तळाला टेकायच्या आत दोघीतिघी धावत येतात, एखादी तुकडा उचलून उलटी पोहत कोपऱ्यात पळवते आणि बाकीच्या तिच्यामागे. त्याच टँकमध्ये एक दिवस कुणी फिरकलंच नाही तर खाणं बदलू नका, पाणी तपासा.

कात टाकणं

श्रिंपचं अंग वाढतं पण कवच वाढत नाही, म्हणून ते टाकून नवीन घालावं लागतं. मोठ्या श्रिंप तीन-चार आठवड्यांनी कात टाकतात, पिल्लं त्यापेक्षा खूप लवकर लवकर. डोकं आणि पाठ जिथे जुळते तिथे मानेपाशी कवच फाटतं, श्रिंप कमानीसारखी वाकते आणि एका झटक्यात बाहेर पडते, पाय, मिशा, डोळ्यांवरची टोपीसुद्धा मागे राहते. नवीन लोक ती रिकामी कात बघून घाबरतात, मेली म्हणून. फरक सोपा आहे, कात काचेसारखी आरपार आणि पोकळ असते, मेलेली श्रिंप गुलाबीसर पांढरी आणि भरीव दिसते. कात काढू नका, त्यातलं कॅल्शियम त्या खाऊन परत घेतात. कात टाकल्यावर दिवसभर अंग मऊ असतं म्हणून ती लपून बसते.

भानगड होते ती कात अर्धवट अडकली की. मानेभोवती पूर्ण गोल पांढरी रिंग दिसायला लागते, कवच वरच्या बाजूला फाटायच्या ऐवजी सगळीकडून सुटलेलं असतं आणि तिला त्यातून निसटता येत नाही, बहुतेक वेळा ती मरते. हाताने सोडवायला जाऊ नका, काही उपयोग होत नाही. कारणं बघा, जीएच फार कमी किंवा फार जास्त, खाण्यात एकच एक प्रकार, आणि सगळ्यात जास्त वेळा दिसणारं कारण म्हणजे मोठा पाणी बदल. एकदम तीस-चाळीस टक्के वेगळं पाणी आलं की श्रिंप वेळेआधीच कात टाकायला जातात, आतलं कवच तयारच नसतं. पाणी बदलल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मरतात अशी तक्रार असेल तर निम्मं उत्तर इथेच आहे. जीएच कमी असेल तर मिनरल पावडरने हळूहळू, आठवड्याभरात एकेक अंशाने वर न्या, किंवा समुद्रफेणीचा तुकडा टाकून ठेवा, तो सावकाश विरघळतो.

पिल्लं

मादी मोठी, रंगाने गडद, पोटाची बाजू खाली गोलसर. मानेमागे पाठीवर पिवळसर किंवा हिरवट डाग दिसला की समजा अंडी तयार होतायत. तिने कात टाकली की पाण्यात गंध सुटतो आणि सगळे नर वेड्यासारखे टँकभर पोहत सुटतात, हे बघून लोकांना वाटतं विषबाधा झाली. तशी शंका आली तर आधी ताजी कात पडलीय का ते शोधा. मग अंडी पोटाखालच्या पोहायच्या पायांमध्ये येतात, वीस-तीस, आणि मादी ते पाय सारखे हलवत राहते, अंड्यांना ताजं पाणी मिळावं आणि बुरशी धरू नये म्हणून. मधूनच एखादं अंडं पायाने पुढे घेऊन साफ करते आणि परत ठेवते. साधारण २५ ते ३० दिवसांत पिल्लं निघतात, दोन मिलिमीटरची, हुबेहूब मोठ्यांसारखी. वेगळ्या डब्यात मादी हलवू नका, त्या धावपळीत ती अंडी टाकून देते. टँकमध्ये मॉस असेल, बायोफिल्म असेल, तर पिल्लं स्वतःचं स्वतः बघतात.

लाल, निळे, पिवळे एकत्र ठेवले तर छान दिसतं खरं, पण त्यांची आपापसात पिल्लं होतात आणि काही पिढ्यांत सगळा टँक परत मातकट तपकिरी होतो. एका टँकमध्ये एक रंग. निओकॅरिडिना आणि कॅरिडिना मात्र आपसात मिसळत नाहीत.

मासे ठेवायचे का? ज्याच्या तोंडात श्रिंप मावते तो मासा श्रिंप खातो, आणि पिल्लू तर जवळजवळ सगळ्यांच्याच तोंडात मावतं. ओटोसिन्क्लस हा शेवाळ खाणारा छोटा मासा त्यातला खरा निरुपद्रवी. बेट्टा (फायटर मासा) शांत असेल तर चालेल वगैरे कुणी सांगेल, माझं मत नाही. गोगलगाई मात्र बिनधास्त राहू द्या, उरलेलं खाणं त्या साफ करतात.

विषं, जी दिसत नाहीत

तांबं. श्रिंपच्या रक्तात ऑक्सिजन वाहायला थोडं तांबं असतंच, पण पाण्यात जरा जास्त झालं की ती मरते. माशांच्या परजीवींवरची आणि गोगलगाईंवरची बरीच औषधं तांब्याची असतात, त्यामुळे लेबल वाचल्याशिवाय एकही थेंब नाही, आणि ज्या टँकमध्ये अशी औषधं वापरलीत तो श्रिंपसाठी घेऊ नका. झाडांच्या खतात किंचित तांबं असतं, ते लेबलवरच्या डोसमध्ये चालतं.

त्याहून घातक म्हणजे घरातले स्प्रे. झुरळ-डासांवरच्या स्प्रेमध्ये आणि मच्छर पळवणाऱ्या लिक्विडमध्ये जी पायरेथ्रॉइड जातीची रसायनं असतात ती श्रिंपना अगदी थोड्या प्रमाणातही मारतात, आणि एअर पंप त्या खोलीतलीच हवा ओढून पाण्यात सोडतो. टँकच्या खोलीत हे काही वापरायचं नाही, बस. पाळीव कुत्र्याला गोचिडावरचं औषध लावलं असेल तर त्या हाताने टँकमध्ये जाऊ नका, क्रीम, सॅनिटायझर, साबण सगळ्याला हाच नियम. नवीन झाडांवरही नर्सरीत मारलेलं कीटकनाशक असतं. दोन-तीन आठवडे वेगळ्या बादलीत ठेवून दर दोन-तीन दिवसांनी पाणी बदला, किंवा कपात जेलमध्ये वाढवलेली टिश्यू कल्चरची झाडं घ्या, ती स्वच्छ असतात.

नको असलेले पाहुणे

काचेवर पांढऱ्या सपाट अळ्या सरकताना दिसल्या, डोकं बाणाच्या टोकासारखं आणि वर दोन डोळे, तर ती प्लॅनेरिया. पिल्लं आणि नुकतीच कात टाकलेल्या श्रिंप यांना ती धरते. नागमोडी पोहणाऱ्या केसासारख्या बारीक अळ्या वेगळ्या, त्या निरुपद्रवी, फक्त खाणं जास्त होतंय एवढं सांगतात. प्लॅनेरियावर आधी खाणं कमी करा, सापळे लावा, हाताबाहेर गेली तर फेनबेंडाझोल हे जंतांवरचं औषध चालतं, पण नेराइट गोगलगाई आधी दुसरीकडे हलवा, त्यांना ते सोसत नाही. नवीन झाडांबरोबर चतुराची अळी आली असेल तर ती रोज एकेक श्रिंप खाते आणि मृतदेहही सापडत नाही, दिसली की चिमट्याने काढा.

श्रिंपच्या नाकाच्या टोकावर पांढरे बारीक दोरे वळवळताना दिसले तर ते स्क्युटारिएला नावाचे परजीवी. कपभर टँकच्या पाण्यात एक मोठा चमचा अॅक्वेरियम सॉल्ट विरघळवून श्रिंप जाळीसकट ३० ते ६० सेकंद त्यात बुडवायची, लगेच टँकमध्ये परत. टाकलेल्या काती मात्र या वेळी काढून टाका, त्यात त्यांची अंडी राहतात. पोटाखाली पोहायच्या पायांत हिरवी-पिवळी बुरशीसारखी वाढ दिसली, आणि ती गोल अंडी नाहीत हे नीट बघून खात्री झाली, तर ती श्रिंप ताबडतोब वेगळी करा, हा प्रकार पसरतो आणि बरा होणं कठीण.

मरायला लागल्या तर

घाबरून अर्धं पाणी बदलायच्या आधी मोजा. आठवड्याला एखादी, बाकीच्या खातायत-पितायत, तर म्हातारपण किंवा कातीचा घोळ, जीएच बघा. रोज एकदोन, तर अमोनिया, नायट्राइट, तापमान बघा, फिल्टर चालू आहे का बघा. काही तासांत सगळ्याच आडव्या पडायला लागल्या, झटके देतायत, गोल गोल फिरतायत, तर ते विष. फक्त याच वेळी मोठा पाणी बदल करायचा, जुळवलेल्या तापमानाच्या पाण्याने, आणि फिल्टरमध्ये अॅक्टिव्हेटेड कार्बन टाकायचा. जिवंत असतील त्या दुसऱ्या चालू टँकमध्ये हलवता आल्या तर अजून बरं. एक वही ठेवा, पाणी कधी बदललं, टीडीएस किती, काय नवीन घातलं, कारण मेल्यावर आठवत बसलं तर काही आठवत नाही.

आणि सगळं जमलं तर सहा महिन्यांत टँकमध्ये एवढ्या श्रिंप होतात की वाटायची वेळ येते. द्यायच्या आदल्या दिवशी खायला घालू नका म्हणजे पिशवीत घाण होत नाही, पाणी त्यांच्याच टँकमधलं एक तृतीयांश, बाकी हवा, आत मॉसचा छोटा गोळा पकडायला, आणि पिशवीचे कोपरे रबराने बांधून टाका, नाहीतर पिल्लं कोपऱ्यात चिमटतात. अंडीवाल्या माद्या आणि नुकत्याच कात टाकलेल्या देऊ नका. आणि घेणाऱ्याला विचारा, टँक लावून किती आठवडे झाले म्हणून. कालच लावलाय म्हणाला तर पिशवी भरूच नका, आधी फिल्टरचा जुना स्पंज पिळून द्या आणि महिन्याने बोलवा.